भाऊजींनी बटर का सोडलं?

भाऊजींनी मासे बटरऐवजी ऑलिव्ह तेलात तळायला घेतले, त्याच दिवशी वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

नवऱ्यामागे वहिनींची खाणावळ चालली होती ती या धाकट्या दिराच्या हाताच्या चवीवर. गिऱ्हाइकं आणि भांडणं वहिनींनी सांभाळायची, शेगडी भाऊजींनी. वहिनींना दूधसुद्धा धड तापवता येत नव्हतं. भाऊजींची मात्र तऱ्हाच वेगळी. तव्यावर बटर टाकायचं, त्याकडे पाठ करून कांदा चिरत राहायचं आणि वास हवा तसा आला की वळून मासा सोडायचा. वीस वर्षांत एकदाही चूक नाही.

आणि आता हे तेल!

"तब्येतीला बरं असतं, वहिनी," ते म्हणाले.

वीस वर्षं कुणाच्या तब्येतीची काळजी नव्हती, ती आत्ताच कशी उपटली? पाणी कुठेतरी मुरत होतं. समोर नवं हॉटेल उघडलं होतं आणि त्यांच्या दारावर मोठी पाटी होती : सर्व पदार्थ ऑलिव्ह तेलात. भाऊजी दर मंगळवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून "जरा काम आहे" म्हणून जात. परवा तर त्या हॉटेलच्या मॅनेजरशी फुटपाथवर चांगली दहा मिनिटं बोलत होते. वहिनींनी सुतावरून स्वर्ग गाठला. नोकरी समोर आणि सराव आमच्या माशांवर! भाऊजी गेले तर खाणावळीला टाळंच लागणार होतं. रागापेक्षा त्यांना भीतीच जास्त वाटत होती.

शनिवारी नेहमीचे मास्तर आले. "ते तेल नको बुवा, आपलं बटरच बरं," म्हणाले. वहिनी तडक आत गेल्या.

"मास्तरांचा मासा बटरमध्येच करायचा. माझ्यासमोर."

भाऊजींनी मुकाट्याने बटर तव्यावर टाकलं. पण आज पाठ नाही की कांदा नाही. तव्यावर डोळे रोखून उभे. वहिनींचा धीर सुटला.

"समोरच्या मॅनेजरशी काय चाललं होतं तुमचं?"

भाऊजी दचकून वळले. "ते होय? तेल कुठून मागवतात ते विचारत होतो. चांगलं मिळत नाही हो इथं."

"आणि मंगळवारी कुठं जाता? मला काय दूधखुळी समजता?"

भाऊजी अडखळत काहीतरी सांगू लागले. तेवढ्यात बटर काळं पडलं. करपट वास वहिनींच्या नाकात शिरला, बाहेर मास्तर खोकले. भाऊजी आपले बोलतच होते. तव्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

वहिनींनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"जळलं का?" भाऊजींनी विचारलं.

वहिनींच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. स्वतःच्या संशयाच्या शरमेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मागे मला ताप आला होता ना, तेव्हापासून वास येत नाही," भाऊजी हळूच म्हणाले. "मंगळवारी डॉक्टरकडे जातो. परत येईल की नाही, सांगता येत नाही म्हणतात. तेल लवकर जळत नाही, तेवढंच निभावतं. तुम्हाला सांगितलं असतं तर..." आणि ते अ‍ॅप्रनची गाठ सोडू लागले. "दुसरा माणूस बघा, वहिनी."

"गाठ बांधा ती," वहिनी खेकसल्या. "मास्तर खोळंबलेत."

त्यांनी दुसरा तवा चढवला, बटर टाकलं आणि नाक पुढे केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की कोणता वास बरोबर, हे आपल्याला कुठं ठाऊक आहे?

"मला नाही कळायचं हो," त्या रडवेल्या झाल्या.

"नुसतं सांगत जा, कसा येतो ते."

"दुधासारखा... गरम दुधासारखा."

"थांबा."

"अजून तसाच. आता जरा गोडसर. आता... शेंगदाणे भाजल्यासारखा!"

"बस," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी मासा तव्यात सोडला.