खर्जाची जागा

हरेशने आणलेला खोका जिन्यातून वर चढवायला दोन माणसं लागली, तेव्हाच रुचिकाच्या मनात पाल चुकचुकली.

माडीवरची ती खोली लहानशी. एक खुर्ची, एक कपाट, दोन छोटे स्पीकर आणि भिंतीकडेला गाद्यांची चळत, एवढ्यातच ती भरून जायची. कोन गावात नवं घर बांधलं तेव्हा हरेशने ती बायकोला देऊन टाकली होती. "ही तुझी. इथं तुझं गाणं ऐकत बस," म्हणाला होता. रुचिका राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये मालाची आवकजावक बघायची. दिवसभर ट्रकांचे हॉर्न आणि हमालांची हाकाटी. घरी आली की चहाचा कप घेऊन ती सरळ वर जायची आणि दार लोटून घ्यायची.

ऐकायची बरंच काही, पण एक ध्वनिमुद्रण तिचं खास होतं. तिचं माहेर अंबाडीकडचं. सावळाराममामा तिथल्या देवळात पखवाज वाजवायचा. देवळादेवळांतलं वादन टिपत हिंडणारा एक माणूस मागे गावात आला होता. त्याने मंडपात चांगले माईक लावून मामाचं वादन घेतलं आणि एक प्रत तिलाही दिली. छोट्या स्पीकरवर मामाच्या उजव्या हाताचं बोट न् बोट कळायचं. पण डावा हात? पखवाजाच्या डाव्या तोंडावरच्या पुडीला, म्हणजे कातड्याला, ओली कणीक थापून तो जो घुमारा काढायचा, जो लहानपणी तिला पाठीच्या कण्यात जाणवायचा, त्याच्या जागी नुसतं 'टप' असं काहीतरी यायचं. जणू मामा एकाच हाताने वाजवत होता.

"त्याला सबवूफर लागतो," हरेश म्हणाला. "नुसता खर्ज काढणारा खोका. प्रितेशला सांगतो, त्याच्याकडं पडलेत."

प्रितेश त्याचा मित्र, हळदीच्या कार्यक्रमांना साउंड पुरवणारा. त्याचा खोका खोलीत ठेवला तर चालायला वाट उरली नाही. हरेशने आवाज चढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, खाली स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं वाजायला लागली आणि आक्का, हरेशची आई, हातातलं लाटणं तसंच घेऊन जिन्यापाशी आली.

"छातीत बसतंय बघ," हरेश खुशीत म्हणाला.

"छातीत बसतंय, पण कानात काय राहत न्हाय," रुचिका म्हणाली. मामाचे सगळे बोल एकाच हुंकारात बुडून गेले होते.

हरेश हिरमुसला, पण वाद घालणारा नव्हता. रविवारी दोघं कल्याणला एका दुकानात गेली. दुकानदार केसरीनाथ, पन्नाशीचा, हळू बोलणारा. आवाज किती हवा हे त्याने विचारलंच नाही.

"खोली केवढी?" तो म्हणाला.

रुचिकाने सांगितलं.

"मग मोठा नको. मैदानात खर्ज उडून जातो, म्हणून तिथं डोंगराएवढा खोका लागतो. लहान खोलीत भिंतीच त्याला वाढवतात. मोठा नेलात तर एकच सूर फुगतो आणि बाकीचे गुदमरतात."

त्याने दोन छोटे सबवूफर समोर ठेवले. एकाला मागे हवा सोडायला भोक होतं, दुसरा चहूबाजूंनी बंद. रुचिकाने फोनमधला मामाचा पखवाज लावायला सांगितला. भोकवाल्याचा आवाज भरदार. हरेशने लगेच मान डोलावली. पण रुचिका पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. पहिल्यात थाप पडून गेली तरी मागे शेपटासारखं काहीतरी रेंगाळत होतं. बंद खोक्यात तसं नव्हतं.

"यात हात उचलला की आवाजही उचलला जातोय," ती म्हणाली. "हाच."

"घरी लावून बघा. नाही पटला तर परत आणा," केसरीनाथ म्हणाला.

घरी आल्यावर दोघांनी प्रितेशचा खोका दाराबाहेर सरकवला. मग तिने नवा दोन स्पीकरच्या मध्ये ठेवला, तारा जोडल्या, खुर्चीत बसली आणि पखवाज लावला. काहीच नाही. तसाच एकहाती मामा. तिने आवाज वाढवला, खोक्यावर हात ठेवला. स्पीकरचा पडदा हलत होता. खुर्चीत परत आली तर पुन्हा कोरडं. हरेश आपल्या मालकीच्या गोडाऊनच्या भाडेकरूंकडे निघाला होता. "एवढासा खोका तो, बिचारा काय करणार," म्हणून तो गेला.

तिने दुकानात फोन लावला.

"खुर्ची कुठं आहे?" केसरीनाथने विचारलं.

"खोलीच्या मधोमध."

"तिथंच खर्ज मरतो. थोडी मागे घ्या. मग असं करा, खोका खुर्चीत बसवा आणि तुम्ही जमिनीवर या."

"म्हणजे?"

"एखादा घुमाऱ्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथं तो स्वच्छ ऐकू येईल, ती खोक्याची जागा."

तो चेष्टा करतोय की काय, असं तिला क्षणभर वाटलं. पण तिने खुर्ची मागे ओढली, खोका पाहुण्यासारखा तिच्यात बसवला, पदर खोचला आणि गुडघ्यांवर आली. दारामागच्या कोपऱ्यात आवाज सुजलेला होता. कपाटापाशी पातळ. जरा पुढे नुसती गुणगुण. तीच थाप, तोच खोका, आणि हातभर सरकलं की वेगळाच पखवाज. इतकी वर्षं ज्या हवेत ती बसत होती, ती सगळीकडे सारखी नव्हतीच.

"काय हरवलंय, बाय?" दारातून आक्काने विचारलं.

"आवाज शोधतेय, आक्का."

आक्का आत आली. ती धवलारीण, लग्नांत धवले गाणारी. आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या तिच्या गाण्यावर बोहल्यावर चढल्या होत्या. खोलीच्या मध्यावर ती थांबली.

"बंद केलास काय?"

"न्हाय, चालू हाय. जरा भिंतीकडं या."

आक्का पुढे सरकली. थबकली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग लुगडं सावरून तिने तेच परत केलं, अगदी सावकाश, ओढ्याचा तळ पायाने चाचपावा तशी. "हितं हाय," ती म्हणाली. "न् हितं न्हाय. मधी काय भिंत न्हाय, पडदा न्हाय." तिने मोकळ्या हवेत हात फिरवून बघितला.

दोघी मिळून खोली धुंडाळू लागल्या. आक्काचे गुडघे दुखायचे, म्हणून ती भिंतीला हात लावून वाकून चालली, रुचिका खालून. खिडकीच्या अलीकडे, गाद्यांच्या चळतीपाशी, दोघी एकदमच थांबल्या. गाद्या उचलून बाहेर काढल्या, खोका तिथे ठेवला. आक्काला रुचिकाने खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी बसली.

मग तिने मामाचं वादन सुरुवातीपासून लावलं.

थाप पडायच्या आधीच काहीतरी झालं. मामाने अजून हातही टाकला नव्हता, नुसती मंडपातली शांतता होती. पण ती शांतता मोठी होती. खोलीच्या भिंती मागे हटल्या. वर उंच छप्पर आलं, पाठीमागे दूरवर मंडपाचं दुसरं टोक आलं. आक्काने वळून मागे बघितलं. आणि मग डावा हात पडला. जमिनीतून वर यावा तसा तो खर्ज आला, गोल, ओला, आणि बोट उचलताच निमूट थांबला. कुठून येतोय ते कळत नव्हतं. खिडकीपाशी एक खोका आहे, हे रुचिका विसरूनच गेली. समोर फक्त मामा होता, दोन्ही हातांचा.

हरेश परत आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या. तो दारात उभा राहिला. काचा थरथरत नव्हत्या, खाली ताटं वाजत नव्हती.

"नवा खोका बंदच हाय ना?" त्याने विचारलं.

रुचिकाने सबवूफरचं बटण बंद केलं. मंडप गेला. छप्पर खाली आलं, चार भिंती जवळ आल्या आणि दोन छोट्या स्पीकरांतून पखवाज टकटक करू लागला. तिने बटण पुन्हा चालू केलं. मंडप परत आला.

हरेश हळूच खाली बसला. तो म्हणाला, "परत एकदा बंद कर." तिने केलं. "आता चालू कर." प्रितेशचा खोका दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत गेला.

पुढच्या आठवड्यात रुचिकाने मामाला बोलावून घेतलं. अंबाडीहून तो आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खुर्चीत अवघडून बसला. वादन सुरू झालं तशी त्याची पाठ ताठ झाली. तो ऐकत राहिला, एकदा कपाळाला आठी घातली, एकदा ओठांतल्या ओठांत बोल म्हटले. वादन संपलं.

"मामा, बरं वाजतंय ना?" रुचिकाने विचारलं.

"पखवाज मांडीवर असतो, बाय," तो म्हणाला. "मी कायम त्याच्या मागं. लोकांना समोर काय ऐकू जातं, ते मना कधी कळलंच न्हाय." त्याने स्वतःचा डावा तळहात उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो एवढा येतो काय?"

आक्काने त्याच्यापुढे चहा ठेवला. चहा निवत राहिला. "तिथं मधे एक जागा हाय, माझा हात जरा घसरलाय," मामा म्हणाला. "तिथून लाव परत."