बारावी नारिंगी बांगडी

माझी बायको वच्छला गेली तेव्हा अकरा नारिंगी बांगड्या झाल्या होत्या. बारावी राहिली.

आमची एकुलती मुलगी आशा बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात शेगावला आली. या महिन्यात आईने लेकीचे हात भरायचे असतात. आम्ही कासार. लेकीच्या बांगड्या घरच्या शेगडीवरच करायच्या, असं वच्छलाने ठरवलं होतं.

फिरोजाबादहून पिवळ्या काचेच्या बांगड्या यायच्या. पत्र्यावर ठेवून तापवल्या की नारिंगी होत, जास्त तापल्या की लाल. सायन्सचे मास्तर पंजाबराव सांगत, या काचेत डोळ्यांना न दिसणारे कण असतात. आच लागली की ते वाढतात. कण जेवढा मोठा, तेवढा रंग लाल. वाढलेला कण परत लहान होत नाही.

शेगडी वच्छला पाही, गिऱ्हाईक मी. आता पिवळ्या तीनच उरल्या होत्या. पहिली नारिंगी दिसताच मी चिमट्याने उचलून राखेत ठेवली. निवली तर पिवळीच. पुन्हा बराच वेळ तापवली, ती कायमची लाल झाली. दुसरी घाईत राखेऐवजी उघड्यावरच ठेवली, ती तडकली.

आशा दारातून पाहत होती.

"बाबा, लाल दिसेपर्यंत काढू नका."

"जळून जाईल ना ते! तुही माय बी असंच जाळे. मी ओरडत राहो."

"अन् आई हासे. म्हणे, तुह्या बापाले बांगडी निवेपर्यंत दम कुठी? ओरडते अन् दुकानात पळते. गरम काच जास्त लाल दिसते, बाबा. निवली का रंग उतरते."

पंचवीस वर्षं मी "जाळली, जाळली" म्हणत आलो. दुकानात नारिंगी बांगड्या येत, तेव्हा मला वाटे, मी ओरडलो म्हणूनच तिने वेळेवर काढल्या.

शेवटची ठेवली. नारिंगी झाली तसा हात चिमट्याकडे गेला, तो मागे घेतला. लाल झाल्यावर काढली, राखेत ठेवली आणि तिथेच बसून राहिलो. वच्छला असताना इतका वेळ त्या शेगडीपाशी मी कधी बसलो नव्हतो.

निवली. अकरा बांगड्यांशी रंग जुळला.

आशाने हात पुढे केला. एवढ्या बायकांचे हात भरले, पण हा दाबवेना.

"दाबा ना, बाबा. गिऱ्हाइकाचा दाबता तसा दाबा."

दाबला. बाराही चढल्या. आशाच्या डोळ्यांत पाणी होतं. हात दुखला, असं तिने शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना सांगितलं.