मांडीच्या हाडाचा तुकडा

"परत कोझुनाकचा चुरा भिंगाखाली! ईस्टरचा पाव खावा माणसानं, काचांवर झटकावा कशाला?" प्रयोगशाळेत काचा तयार करणारी दोब्रिंका दातांतल्या दातांत पुटपुटली. प्रोफेसर राद्कोव अंगठा चाटून पुढची काच लावत होते. तिला किळस आली. तीस वर्षं माणसांच्या गाठी हाताळून जे झालं नव्हतं, ते त्या ओल्या अंगठ्यानं झालं.

काच एकोणीस वर्षांच्या कालिनाच्या मांडीच्या हाडाची. भिंगाखाली निळे गोल दाणे, खसखस सांडल्यासारखे. अशा दिसणाऱ्या गाठी मुख्यतः दोन, युईंगची म्हणजे हाडाच्या कर्करोगाची, आणि लिम्फोमाची म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची. जुळ्या बहिणीच, पण औषधं निराळी. चुकीचं औषध गेलं तर पोरीचा पाय जायचा, कदाचित जीवही. म्हणून काचांवर ओळखीचे खास रंग चढवायचे. कोणती गाठ कोणता रंग धरते, त्यावरून ओळख पटते.

ह्या गाठीनं एकही खास रंग धरला नव्हता.

"बाटली शिळी असेल," राद्कोव म्हणाले.

"सर, त्याच बाटलीतला रंग जुन्या, ओळख पटलेल्या गाठीवर झकास चढलाय," तरुण डॉक्टर इवेता म्हणाली. "आणि हिच्या निरोगी रक्तवाहिन्याही कोऱ्या? त्यांनी तरी धरायला हवा होता ना?"

"सोफियात फारच शिकून आलीस हं!"

इवेता दोब्रिंकाकडे वळली. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

मावशीनं टेबल पुसायला घेतलं. हाड कापण्याआधी आम्लात मऊ करावं लागतं. "कडक आम्ल घाला, सणाआधी उरका. संध्याकाळी मी काढतो," असं राद्कोव गुरुवारी म्हणाले होते. मग जो तो अंडी रंगवायला घरी पळाला. मंगळवारी बरणी तिनंच उघडली. आंबट वाफ नाकात गेली. तुकडा बुळबुळीत, चघळून थुंकलेल्या कुर्चेसारखा. तिनं तो मुकाट्यानं मेणात बसवला होता.

फोन वाजला. राद्कोवांनी आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. पलीकडे कर्करोग विभागातले डॉक्टर होते. "उद्या सकाळी कालिनाचं औषध सुरू करतोय. कुठलं देऊ?"

"इवेता, लिहून टाक. 'बहुधा युईंग'."

अंगठा पुन्हा तोंडाकडे गेला. दोब्रिंकाला त्याची किळस आली, आणि मग त्याहून जास्त आपल्या फडक्याची. मघापासून ते एकच जागा पुसत होतं.

ती फोनवर वाकली.

"डॉक्टर, थांबा. तो तुकडा आम्ही पाच दिवस आम्लात विसरलो. जळलाय तो, म्हणून रंग धरत नाही. गाठ कुठली, ते आम्हाला ठाऊक नाही. पोरीच्या हाडाचा दुसरा तुकडा घ्यावा लागेल."