टेम्पी आजीची जागा

मित्रांनो, मी एक जुना उभा पियानो आहे आणि सध्या माझ्या डोक्यावर फर्नची कुंडी आहे. कुंडीतलं पाणी माझ्या लाकडात झिरपतं. पण गाऱ्हाणी नंतर. आधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. मेपलचं लाकूड, पोलादी तारा आणि लोकरीचे हातोडे एकत्र आले आणि मी बोलू लागलो. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या सेडालिया गावात मी आलो तो हेस्टर क्रँडलच्या घरी. हेस्टर लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून संसार चालवायची. कपड्यांनी भरलेली टोपली कमरेवर घेऊन ती रस्त्याने ताठ चालायची. मला तिने एकाच कामासाठी आणलं होतं. तिच्या लेकीने, लिओटाने, चर्चची भजनं वाजवायला शिकावं.

लिओटा शिकली. भजनं शिकली आणि शेजारच्या रेल्वे कामगारांकडून रॅगटाइमही उचलला. रॅगटाइम म्हणजे काय? डावा हात शहाण्या मुलासारखा एकसारखी पावलं टाकतो आणि उजवा हात त्याला वाकुल्या दाखवत कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. भजनं वाजताना मी सरळ उभा राहायचो. रॅग वाजू लागला की माझे पाय थिरकायचे. खोटं कशाला बोलू?

घरात टेम्पी आजी होती, हेस्टरची आई. तिचं तरुणपण गुलामीत गेलेलं. लिओटा वाजवू लागली की आजी खुर्चीत बसूनच ताल धरायची. मांडीवर थाप, छातीवर थाप, तळव्यावर तळवा. याला गुलामीतले काळे लोक जूबा म्हणत.

"आजी, तुला हे कोणी शिकवलं?" लिओटाने एकदा विचारलं.

"मालकाने," आजी म्हणाली. "त्याने आमचे ढोल काढून घेतले ना! मग आम्ही अंगच बडवू लागलो."

"मग त्याने हात नाही बांधले?"

"हात बांधले असते तर त्याची तंबाखू कोणी तोडली असती गं, खुळे?"

लिओटा खूप हसली आणि त्याच दुपारी तिने आपला पहिला रॅग रचायला घेतला. त्यात तिने मधे मधे जागा सोडल्या. तिथे माझा एकही सूर वाजत नसे. तिथे आजीच्या थापा पडायच्या. मला आधी राग आला. मी पियानो, आणि मी गप्प बसायचं? पण आजीच्या थापांनंतर माझा सूर असा काही खुलायचा की मी मुकाट्याने कबूल केलं.

हे सगळं हेस्टर घरी नसताना चालायचं. तिच्या टोपलीची कुरकुर ऐकू आली की लिओटा भजनावर यायची आणि आजी झोपेचं सोंग घ्यायची. आणि एका रविवारी घोटाळा झाला. चर्चचे पाद्री रेव्हरंड ग्रिग्सबी आणि आणखी पाहुणे जेवायला आले होते. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, सगळं साग्रसंगीत. जेवणानंतर त्यांनी भजन वाजवायला सांगितलं. लिओटा वाजवू लागली आणि आजीचा हात सवयीने मांडीवर पडला. त्यासरशी लिओटाचा उजवा हात घसरला तो थेट रॅगमध्ये.

हेस्टर उठली. तिने माझं झाकण लावलं आणि कुलूप घातलं. मग पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून ती परत आली.

"आई, मी काय गुन्हा केला?" लिओटाने विचारलं.

"मालकाकडे पाहुणे आले की तो तुझ्या आजीला अंगणात उभी करायचा," हेस्टर म्हणाली. "म्हणायचा, बडव! ती बडवायची, ते हसायचे. मी पायरीवर बसून बघायचे. एवढीशी होते मी. माझ्या घरात पाहुण्यांपुढे हे होणार नाही."

"पण आजीला तर आवडतं!"

"मला नाही आवडत."

दोघींचंही खरं होतं, मित्रांनो. तेच तर वाईट.

त्या भांडणानंतर लिओटा घर सोडून सेंट लुईस शहरात गेली. तिथे आपल्या काळ्या लोकांच्या एका सिनेमाघरात मूकपटांना साथ म्हणून पडद्याखाली बसून पियानो वाजवू लागली. तिचा रॅग लोकांना आवडला. पण त्या रिकाम्या जागा आल्या की लोकांना वाटे, बाई विसरली. कोणी तिथे शिट्टी मारी, कोणी भलतीकडेच टाळी. इकडे माझ्या हातोड्यांची लोकर उंदरांनी कुरतडली, तारा उतरल्या. किल्ली हेस्टरच्या कमरेला होती. लेकीचं नाव ती काढत नसे, पण रोज माझ्यावरची धूळ मात्र पुसायची. ती पुसताना मला फार भरून यायचं.

मग टेम्पी आजी गेली. लिओटा गाडीने आली. मातीला जाऊन परतल्यावर रिवाजाप्रमाणे सारी मंडळी जेवणाची भांडी घेऊन घरी जमली. हेस्टरने कमरेची किल्ली काढली आणि माझं झाकण उघडलं.

लिओटाने भजन वाजवलं. माझा आवाज बसला होता, तरी मी जीव ओतला. भजन संपलं.

"आता ते वाजव," हेस्टर म्हणाली.

"कोणतं, आई?"

"मला विचारतेस? तिचं."

लिओटा वाजवू लागली. पहिली रिकामी जागा आली आणि तिथे थाप पडलीच नाही. लिओटाचे सूर चुकू लागले. मला वाटलं, आता ही पुढे वाजवू शकणार नाही. कशीबशी ती दुसऱ्या जागेपर्यंत आली, आणि मागून थाप पडली. मांडी, छाती, तळवा. साबणाच्या पाण्याने भेगाळलेले हेस्टरचे हात. एक थाप चुकली नाही. पायरीवर बसलेल्या त्या पोरीने सगळं पाठ केलं होतं.

"सिस्टर हेस्टर!" रेव्हरंड दचकले. "आज? पाहुण्यांपुढे?"

"आज मला कोणी हुकूम केला नाही, रेव्हरंड. माझ्या मनाला आलं म्हणून बडवतेय," हेस्टर म्हणाली. "तुम्ही कोंबडी घ्या."

लिओटाने मागे वळून पाहिलं नाही. ती रडत होती आणि वाजवत होती. तिचे अश्रू माझ्या पट्ट्यांवर पडले. पाण्याचं मला वावडं आहे, पण ते मी चालवून घेतलं.

पुढे लिओटाने पुष्कळ रॅग रचले. आज ती नाही, हेस्टरही नाही. मी लिओटाच्या नातीकडे, आयरीनकडे आहे. तिची पोरं माझ्यावर तोच रॅग अडखळत वाजवतात. रिकामी जागा आली की स्वयंपाकघरात आयरीन पिठाचे हात तसेच ठेवून मांडीवर थापा मारते. तिच्या झग्यावर पांढरे पंजे उमटतात.

मित्रांनो, वाद्याला कुलूप घालू नका. पण घरातल्या कोणी घातलंच, तर रागावण्याआधी त्याच्या जवळ बसा आणि विचारा, काय दुखतंय. लिओटाने आपला गुन्हा विचारला, आईचं दुखणं विचारलं नाही; आणि हेस्टरने ते कुलूप घातल्यावर सांगितलं. तुम्ही उशीर करू नका.

आणि जाता जाता ती कुंडी तेवढी खाली ठेवा. पोरांना माझं डोक्यावरचं झाकणही उघडायचं असतं; त्याने माझा आवाज मोकळा होतो.