अकराव्या दुरुस्तीचा अनुमोदक

फियाक्रा टूही या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता आणि मी ते कोणापासून लपवलंही नव्हतं. टूही सत्ताधारी बाकावरचा सेनेटर, मेयो परगण्यातला, अंगाने आडवा, बोलायला गोड. नऊ वर्षांत त्याने आपल्या पक्षाविरुद्ध एकदाही हात वर केला नव्हता. असा माणूस आमच्या बाईंच्या टेबलाशी येऊन बसतो आणि म्हणतो, तुमची अकरावी दुरुस्ती आज मागे घ्या, पुढच्या टप्प्यावर परत आणा, तेव्हा अनुमोदन मी देतो. मी टेबलाखालून बाईंच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि हो म्हणाल्या.

आमच्या बाई म्हणजे सेनेटर गोबनेट टार्पी, अपक्ष. मी कोलमन हेशन, त्यांचा सहायक. कोणाच्या हक्कावर गदा आली की बाई उभ्या राहणारच. तुरुंगातली एकट्याची कोठडी असो, आश्रय मागायला आलेल्यांची छावणी असो, नाहीतर रस्त्याकडेला गाड्यांत राहणाऱ्या ट्रॅव्हलर कुटुंबांचा पाण्याचा नळ असो. त्यांची भाषणं मी टाइप करायचो आणि विशेषणं खोडायचो. सभागृहात गेल्यावर त्या ती सगळी परत घालायच्या. ऐकायला बहुतेकदा चारपाच जण असायचे, त्यातला एक पेंगत असायचा.

अकरावी दुरुस्ती मात्र एका ओळीची होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना पूर्वी ज्या घरांत नेऊन ठेवायचे, त्या घरांच्या कागदपत्रांचं विधेयक आलं होतं. तिथे जन्मलेल्या माणसाला त्याची फाइल 'देता येईल', असं सरकार म्हणत होतं. बाई म्हणत होत्या, 'द्यावीच लागेल, एकही ओळ न झाकता'.

'देता येईल' म्हणजे नेमकं काय, ते आम्हाला ॲट्राक्टा डिगननने दाखवलं होतं. ही शहात्तर वर्षांची बाई बॅलिहॉनिसहून बसने यायची, पिशवीत स्वतःची फाइल घेऊन. चौदा पानं, त्यातल्या नऊंवर काळी शाई. चौथ्या पानावर एक वाक्य होतं, 'मुलीच्या आईला अमुक ठिकाणी पाठवण्यात आलं आणि तिथेच तिचं दफन झालं.' त्यातलं अमुक ठिकाण काळं केलेलं. पन्नास वर्षं ती आईची कबर शोधत होती आणि उत्तर तिच्याच पिशवीत, शाईच्या खाली पडून होतं. ते वाक्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका राग आला की मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

आमच्याकडची रीत अशी. समितीच्या टप्प्यावर दुरुस्तीला अनुमोदक लागत नाही, पण तिथे मतदानात पडली की ती मेली. मागे घेतली तर शेवटच्या टप्प्यावर परत आणता येते. मात्र तिथे दुसऱ्या कोणीतरी उभं राहून 'अनुमोदन' म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर चर्चा नाही, मत नाही, दुरुस्ती तिथेच संपते. म्हणून तर टूहीचा डाव मला स्वच्छ दिसत होता. आधी मागे घ्यायला लावायचं आणि ऐनवेळी गायब व्हायचं.

त्याच्यावर मी पाळत ठेवली म्हणा ना. सोमवारी तो कॅन्टीनमध्ये मंत्र्यांच्या सल्लागार बाईशी डोक्याला डोकं लावून बसला होता, चहा गार होईपर्यंत. मंगळवारी मागच्या जिन्याने मंत्र्यांच्या दालनातून उतरताना दिसला आणि मला बघून फोनवर बोलल्यासारखं करू लागला. फोन उलटा धरला होता. बुधवारी सकाळी मी त्याला सरळच विचारलं, आमच्या अकराव्या दुरुस्तीचं काय. तो म्हणाला, काम चालू आहे, जास्त विचारू नकोस.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "कोलमन, संशय घेतल्याशिवाय तुला जेवण जात नाही का रे?"

"बाई, तो तुम्हाला विकतोय."

"विकू दे. घ्यायला कोण बसलंय?"

बाईंनी विषय हसण्यावारी नेला, पण माझ्या डोक्यातून तो जाईना. मी बॅरा मँगनला गाठलं. मँगन अपक्ष, आमच्याच बाकावरचा, मानवी हक्कांवर बोलायला लागला की प्रेक्षक सज्जातले लोक डोळे पुसायचे. माझा जुना दोस्त. मी त्याला म्हटलं, गुरुवारी अकराव्या दुरुस्तीला अनुमोदन दे. तो म्हणाला, "हे काय सांगायला हवं? मी असताना तुला काळजी कसली?" मला हायसं वाटलं.

त्याच संध्याकाळी टूही मला कोटांच्या खोलीत भेटला. त्याची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची जबाबदारी घेतलेली बाई, वारली होती आणि गुरुवारी दूर त्याच्या गावाकडे, बेलमलेटला, दफन होतं. तो म्हणाला, मी जात नाहीये, घरच्यांना कळवलंय, इथेच थांबतो. मला मनातून हसू आलं. उद्या गायब व्हायचं निमित्त तो आजच तयार करून ठेवतोय, असंच मी धरून चाललो.

"तुम्ही खुशाल जा," मी म्हणालो. "आमची सोय झालीये."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कोणाची?"

"मँगन."

"त्याला नीट सांगितलंयस? त्या क्षणी जागेवर बसलेला हवा."

"तुमच्यापेक्षा तरी तो नीट बसेल."

हे मी उगाच बोललो. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "बरं. कोणीतरी उभं राहिलं म्हणजे झालं. मग मी गाडी काढतो." बाईंना मी एवढंच सांगितलं की टूही मयतीला जातोय आणि अनुमोदन मँगन देईल. त्याला जा असं मीच म्हटलं, हे सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी मी ॲट्राक्टाला घेऊन सज्जात बसलो. फोन दारावर काढून घेतलेले. विधेयक खालच्या सभागृहातून आलेलं होतं. इथून बदल न होता सुटलं की थेट राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जाणार होतं. अकराव्या दुरुस्तीची पाळी चारच्या सुमारास येईल असा माझा हिशेब होता. पण चार ते नऊ या दुरुस्त्या ज्याच्या होत्या तो सेनेटर आलाच नाही. सभापती एकेक आकडा वाचत गेल्या, 'मांडली नाही, मांडली नाही', आणि दहावीही दोन मिनिटांत निकालात निघाली. सव्वातीनला अकरावी आली. मँगनच्या खुर्चीवर त्याचा कोट होता, मँगन नव्हता. उरलेले विरोधी सेनेटर वर समितीच्या खोलीत होते.

बाई उभ्या राहिल्या. "मी अकरावी दुरुस्ती मांडते."

"अनुमोदन?" सभापतींनी विचारलं.

बाई मँगनच्या खुर्चीकडे वळल्या आणि तशाच राहिल्या. सत्ताधारी बाकावर चौघे होते. त्यांनी प्रतोदाकडे पाहिलं, मग आपापल्या कागदांत माना घातल्या. मंत्र्यांनी फाइलमधून एक कागद काढून हातात घेतला होता आणि ते खुर्चीतून अर्धे उठले होते. सभापती थांबल्या, नेहमीपेक्षा जास्तच थांबल्या. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता. पण सज्जातल्या माणसाच्या शब्दाला तिथे किंमत नाही.

"अनुमोदन नाही. अकरावी दुरुस्ती संपली. बारावी."

मंत्र्यांनी कागद फाइलमध्ये परत ठेवला आणि ते खाली बसले.

मी जिने उतरून बाहेर फाटकाकडे धावलो. मँगन तिथेच होता, रेडिओवाल्यांपुढे. "एकही ओळ झाकता कामा नये," असं तो सांगत होता, आणि फार सुंदर सांगत होता. मला बघून त्याने एक बोट वर केलं, एक मिनिट थांब म्हणून.

मी थांबलो नाही. परत येताना बोळात मंत्र्यांची सल्लागार बाई भेटली. ती रागातच होती. "तुमचं काय चाललंय तरी काय? आम्ही ती स्वीकारणार होतो. टूहीने तीन दिवस मंत्र्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे मानले. अट एकच होती, आधी बाहेर फुटू द्यायचं नाही."

मी विचारलं, मग तुमच्या चौघांपैकी कोणी उठलं का नाही. ती म्हणाली, प्रतोदाचा हुकूम होता की आपल्या बाकावरून टूहीशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, आणि टूहीने सकाळी कळवलं की तुम्ही माणूस नेमलाय. "मंत्र्यांना काय, न मागता सुटका झाली," असं म्हणून ती निघून गेली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही त्या क्षणी मी मँगनचाच राग धरायचा प्रयत्न करत होतो.

सज्जात ॲट्राक्टा मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. खाली विधेयक मंजूर होत होतं.

"मतदान कधी आहे रे?" तिने विचारलं.

"मतदान नाही. आपली दुरुस्ती गेली."

"म्हणजे नको म्हणाले?"

"नको म्हणाले नाहीत. कोणाला विचारलंच गेलं नाही."

"का?"

मँगनचं नाव जिभेवर होतं. ते खोटंही ठरलं नसतं. "माझ्यामुळे," मी म्हणालो. "जो उभा राहणार होता, त्याला मीच परत पाठवलं. तो दगा देईल असं मला वाटलं."

तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग तिने विचारलं, तो गेलाय कुठे. मी म्हटलं, दफनाला, बेलमलेटला. त्याची धर्ममाता वारली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्याला जागा तरी ठाऊक आहे."