अर्धी गाडी

आरसा मातीच्या गाडीच्या फटीत सरकवताना तिच्या सहकाऱ्याचा, फूटपट्टीचा, हात घसरला. काच मातीला घासणार, एवढ्यात तिनं खालून गुडघा लावला.

"लागलं का गं?"

"मला विचारतोयस की गाडीला?"

"गाडीला. तू काय, घरी जाऊन मलम लावशील. हिला ओरखडा गेला तर बाई मला सोलून काढतील."

कंपनीच्या डिझाइन स्टुडिओत उभी असलेली ती गाडी खरी नव्हती. मापानं खरी, पण मातीची. ओव्हनमध्ये गरम केली की लोण्यासारखी पसरणारी आणि गार झाली की साबणाच्या वडीसारखी कापता येणारी ही खास माती. वरून चंदेरी पापुद्रा चढवलेला, म्हणून लांबून पाहणाऱ्याला पत्राच वाटावा. आणि तशी ती एक गाडीही नव्हती. डावी बाजू तिनं घडवलेली, उजवी फूटपट्टीनं. मधोमध फट ठेवलेली आणि त्या फटीत दोन्ही अंगांनी चकचकीत असा उंच आरसा. डावीकडून पाहिलं तर गोल दिव्यांची अख्खी गाडी दिसे, उजवीकडून पाहिलं तर चिंचोळ्या दिव्यांची. आरसा होता तोवर दोघांचंही काम पूर्ण दिसत होतं.

फूटपट्टी हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. माणूस उंच, सडपातळ, आणि कुणी टोमणा मारला तरी न वाकणारा, म्हणून सगळा स्टुडिओ त्याला तसं म्हणे. तोही ओ देई.

ही असली गाडी घेणाऱ्यांना किंमत विचारायची सवय नसते. पण तिचं वर्षानुवर्षांचं गोल दिव्यांचं रूप बदलणार अशी कुणकुण लागल्यावर त्याच लोकांनी कंपनीला पत्रांवर पत्रं धाडली होती. एकानं लिहिलं, गोल डोळे काढलेत तर गाडी तुमच्या दारात आणून उभी करीन. दुसऱ्यानं लिहिलं, किती वर्षं तेच तोंड बघायचं, बायकोचंसुद्धा मी एवढं बघितलेलं नाही. स्टुडिओतही तीच तऱ्हा. कँटीनमध्ये गोलवाले खिडकीशी बसायचे आणि चिंचोळेवाले नळाशी. मीठ संपलं तरी कुणी पलीकडच्या टेबलावर मागायला जात नसे.

ते गोल डोळे आप्पांचे होते. आप्पा म्हणजे तिचे सासरे. तरुणपणी त्यांनी ते दिवे कागदावर रेखाटले आणि पुढचं सगळं आयुष्य त्या दोन वर्तुळांवर उभं राहिलं. नाव झालं, मान मिळाला, निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं तीच गाडी भेट दिली. ती या घरात लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून आप्पांची विद्यार्थिनी होती. पेन्सिल कशी धरायची हे त्यांनी शिकवलं होतं. सून झाल्यावरही ती त्यांना जेवताना रेघांबद्दलच विचारायची, आणि नवरा म्हणायचा, "भाजी थंड होतेय, वर्तुळं नंतर खा."

नव्या रूपाचं काम आलं त्याच आठवड्यात तिनं एक चित्र काढलं होतं. चहा समोर ठेवून, सहज. चिंचोळा, तिरपा दिवा, आणि त्याच्या टोकातून निघालेली एक रेघ; चाकाजवळ किंचित खाली उतरायची, जणू दम खायची, आणि मग दारावरून थेट मागपर्यंत चढत जायची. एका दमात काढली होती. चहाचं पाणी झालं तरी तिला कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती चित्र दाखवायला म्हणून आप्पांच्या खोलीत गेली. कागद पाठीमागे धरलेला होता. आप्पा खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत होते.

"बदलणार म्हणे," ते म्हणाले.

"हो आप्पा."

"बदला. सगळं बदला, काळच तसा आहे. पण पोरी, तिचे डोळे तेवढे सांभाळ. तू आहेस तिथं म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही."

त्यांचा आवाज ओला झाला होता. तसा तो तिनं सासूबाई गेल्या तेव्हाच ऐकला होता. ती "बरं" म्हणाली आणि कागद पाठीमागे धरूनच उलट पावली बाहेर आली.

सकाळी स्टुडिओत तो कागद कचऱ्याच्या डब्यात जाताना फूटपट्टीनं पाहिला.

"हे टाकतेस?"

"हो."

"वेडी आहेस का? मग मी घेऊ?"

"घे बाबा. पण माझं नाव कुठं काढू नकोस."

त्यानं कधीच काढलं नाही. दिवस दिवस खपून त्यानं त्या चित्राची उजवी बाजू उभी केली. तिनं डावीकडे आप्पांचे डोळे सांभाळले. पुसले, उजळले, कडा ताज्या केल्या, पण वर्तुळाला धक्का लागू दिला नाही. स्टुडिओच्या प्रमुख बाईंनी दोनदा विचारलं, "तुझ्या हाताला काय झालंय? इतकी दबकून का काम करतेस?" तिनं दोन्ही वेळा विषय बदलला.

स्टुडिओची एक जुनी पद्धत होती. मत लिहून द्यायचं नाही, बोलायचंही नाही. ज्याला जी बाजू पटेल त्यानं त्या बाजूला जाऊन उभं राहायचं. निवडीच्या दिवशी मालक आले, विक्रीवाले आले, खास पाहुणे म्हणून आप्पाही आले, इस्त्रीचा कोट घालून. सगळे गाडीभोवती फिरले, आरशात डोकावले, आणि हळूहळू पांगत दोन्हीकडे उभे राहिले. बाई काम करवून घेणाऱ्या, म्हणून त्या कुठंच उभ्या राहिल्या नाहीत. मालकांनी दोन्हीकडची डोकी मोजली आणि हसले.

"सारखीच. आता सर, तुम्हीच सोडवा. तुमचंच लेकरू आहे."

आप्पा गाडीच्या नाकासमोर, बरोबर मध्यावर उभे होते. ते डावीकडे वळले तेव्हा गोलवाल्यांत कुणीतरी टाळीसाठी हात वर घेतले. आप्पांनी डाव्या दिव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. ती शेजारीच उभी होती. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. तिचे डोळे भरून आले. शब्द पाळला, एवढंच तिच्या मनात होतं.

मग आप्पा गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि फूटपट्टीच्या शेजारी उभे राहिले.

क्षणभर कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळ्यांत जोरात गोलवाल्यांचा. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःच्या हातानं स्वतःचंच काम पुसतो! मालकांनी पुढं होऊन त्यांचा हात हातात घेतला. विक्रीवाल्या एका बाईंनी डोळे टिपले.

"नाही, नाही, त्यात कसला मोठेपणा," आप्पा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. "ही रेघ बघा. इथं खाली येते, श्वास घेते, आणि मग जाते वर. ज्यानं ही काढली त्याला माझी भीती नव्हती. तिकडची बाजू मला घाबरून केलेली आहे."

तिला कुणीतरी भर सभेत तोंडात मारल्यासारखं झालं. आरशाच्या वरून फूटपट्टीचं डोकं दिसत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. तिनं मान हलवली. नाही. त्यानं तोंड मिटलं आणि पुढचा अर्धा तास लोकांची शाबासकी अंगावर घेत तो एखाद्या गुन्हेगारासारखा उभा राहिला.

घरी परतताना गाडी तीच चालवत होती. आप्पांची, गोल डोळ्यांची. आप्पा शेजारी बसले होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

"रागावलीस?"

"नाही."

"रागाव. पण मला खोटं बोलता येईना."

"आप्पा, डोळे सांभाळ असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." त्यांची बोटं गुडघ्यावर थांबली. "घरात बसून म्हणालो होतो. समोर पाहिल्यावर डोळ्यांनी ऐकलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं एवढं कशाला मनावर घ्यायचं?"

सिग्नलला गाडी थांबली. एवढं कशाला मनावर घ्यायचं! तिनं तर तेवढंच मनावर घेतलं होतं.

"आणि एक सांगू?" आप्पा म्हणाले. "सुरुवातीला तुझा हातही असाच मोकळा होता. मी शिकवत होतो तेव्हा. आता फार जपून करतेस तू. त्या फूटपट्टीकडे बघ जरा. शिकण्यासारखं आहे."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "अगं, आप्पांना खरेपणाचा आजारच आहे," तो म्हणाला. "मला शाळेत असताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुला चित्रकला येणार नाही. खरंच आली नाही."

तिला हसू आलं नाही. चित्राची गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नाही.

हरलेली बाजू खरवडून जिंकलेल्या बाजूसारखी घडवायचं काम ज्याची बाजू त्यानंच करायचं, हीही तिथली पद्धत. सकाळी तिनं बाह्या दुमडल्या आणि माती खरवडायची रुंद पट्टी हातात घेतली. चंदेरी पापुद्रा सोलून काढला. पाठोपाठ गोल दिव्याची कड, मग दिवा. मातीच्या सालपटांचा ढीग पायाशी साचत गेला. आप्पा आपल्या गोल डोळ्यांना निरोप द्यायला म्हणून आले होते. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत, तिच्या मागे हात बांधून उभे राहिले. दिवा गेला तेव्हा त्यांनी हलकेच घसा साफ केला.

तिनं गरम माती भरली, तळव्यानं दाबली, सपाट केली. मग काळ्या टेपची गुंडाळी उचलली. रेघ आधी या टेपनंच आखायची असते.

"थांब, पलीकडची मापं काढून देतो," फूटपट्टी म्हणाला.

"नंतर काढ."

तिनं टेपचं टोक दिव्याच्या जागी अंगठ्यानं दाबलं आणि चालू लागली. आरसा अजून फटीतच होता, त्यामुळं उजवी बाजू तिला दिसतही नव्हती. टेप सुटत गेली. चाकाजवळ किंचित खाली उतरली, थबकली, आणि दारावरून थेट मागपर्यंत चढत गेली. तिचा हात कुठंही अडला नाही. मागच्या टोकाला तिनं टेप दातानं तोडली.

फूटपट्टीनं आरसा बाहेर ओढला. दोन्ही बाजू एकदमच दिसल्या. त्यानं सवयीनं माप लावलं, पुन्हा एकदा लावून पाहिलं, केसाचाही फरक निघाला नाही, आणि त्यानं टेप-माप खिशात टाकलं.

आप्पा पुढं आले. त्यांनी डाव्या बाजूवरून उजवीकडे पाहिलं, उजवीकडून डावीकडे. उतारापाशी त्यांचं बोट थांबलं.

"ही रेघ तुझी ना रे?" त्यांनी फूटपट्टीला विचारलं.

"काम माझं आहे, सर."

"रेघ विचारतोय मी."

फूटपट्टी आपल्या बुटांकडे बघत राहिला. पहिल्यांदाच तो थोडा वाकलेला दिसला.

आप्पा तिच्याकडे वळले. त्यांचा एक हात वर आला, काल खांद्यावर थोपटायला आला होता तसाच, आणि मध्येच थांबला.

"पोरी, तू मला कधी..."

"आप्पा, थोडं बाजूला होता का? उजेड अडतोय."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. पट्टी उचलून ती पुन्हा मातीला लागली. आप्पा मागे सरले खरे, पण आता कुठल्या बाजूला उभं राहायचं ते त्यांना सुचेना.