बारा मिनिटांत कोणीच पोचले नाही

मित्रांनो, मुठीत मावेल एवढे, डोक्यावर एकच बटण असलेले मी एक जुने स्टॉपवॉच आहे. विज्ञानाच्या पुस्तकात माझे नाव विरामघड्याळ असे छापलेले असते, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. किती वाजले हे मला सांगता येत नाही. किती वेळ लागला, एवढेच मी सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून चिमट्याने आमच्या पोटात चक्रे बसवत. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस काका असत. ते आम्हाला एका मोठ्या घड्याळाशेजारी ठेवून दहा मिनिटे चालवत आणि जे पुढे धावेल किंवा मागे रेंगाळेल त्याला परत पाठवत. माझ्या वेळी त्यांनी नुसती मान हलवली आणि मला डबीत ठेवले. आमच्या कुळात यापेक्षा मोठे कौतुक नसते.

डबी उघडली ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत. विज्ञानाच्या बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा झुलवायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचे, हे माझे रोजचे काम. बाईंचा एक नियम होता. "एकदा मोजलं तर तो अंदाज. तीनदा मोजा आणि मग सरासरी काढा." किती मुलांच्या घामेजल्या हातांत मी फिरले असेन, त्याची मोजदाद मलाही नाही. एकदा एका मुलीच्या हातून मी फरशीवर पडले आणि माझ्या काचेला तडा गेला. मुलगी रडकुंडीला आली. बाईंनी आधी मला कानाला लावले. मी चालू होते. "वाचलं बिचारं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी कोणालाच बोलणी बसली नाहीत.

मग सेलवर चालणारी, आकडे दाखवणारी घड्याळे आली. त्यांना चावी द्यावी लागत नसे. मी कपाटात गेले, एका फुटक्या नरसाळ्याशेजारी. तिथे चार वर्षे गेली. पोटातले तेल घट्ट झाले. कपाटातले सामान भंगारात काढायची वेळ आली, तेव्हा बाईंनी मुख्याध्यापकांना विचारून मला पर्समध्ये टाकले, घड्याळजीकडून साफ करून घेतले आणि घरी नेले.

ते घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाईंचे यजमान चष्म्याच्या काचा घासून देत. त्यांचे यंत्र स्वयंपाकाच्या ओट्याखाली असे, त्यामुळे काम सुरू झाले की पोळ्या थांबत आणि पोळ्या सुरू झाल्या की काम. सात वर्षांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. नाव बाबांनी ठेवलेले. तिचे डावे पाऊल जन्मापासून आत वळलेले होते. प्लास्टर झाले, पट्ट्यांचे बूट झाले, एक शस्त्रक्रिया झाली. पाऊल बरेच सरळ झाले, पण चाल हळूच राहिली. डॉक्टर म्हणाले होते, "जितकी चालेल तितकं बरं." पण चालायचे कुठे? जिना उतरला की थेट वाहनेच. भिंगरी बाबांच्या कडेवरून खाली यायची, स्कूटरवरून शाळेत जायची आणि तशीच परत यायची.

वाढदिवसाला काय हवे, असे तिला विचारले. सायकल, बाहुली, काहीही सांगेल असे त्यांना वाटले होते.

"मला शाळेत एकटीनं जायचंय," ती म्हणाली.

बाबांनी चालू यंत्र बंद केले. त्याच आठवड्यापासून शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये घर शोधणे सुरू झाले.

सुट्टी रविवारचीच, म्हणून शोधही रविवारचा. बाईंच्या पर्समध्ये एक वही, एक पेन्सिल आणि मी. बरोबर भिंगरीची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पाण्याची बाटली आणि स्वतःची ठाम मते घेऊन हजर. पहिल्या वस्तीत पदपथच नव्हता. दुसरी जुनी होती. गल्लीत पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना होता आणि घराच्या खिडकीतून शेजारच्याची भिंत दिसत होती. आत्याने दाराबाहेरच निकाल दिला. "इथं राहायचं की डबे बडवायचे?" तिथे मला पर्समधून बाहेरसुद्धा काढले नाही.

तिसरी वस्ती मात्र बघताक्षणी मनात भरली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, कोपऱ्यावर बाग. भिंगरीच्या खोलीच्या खिडकीतून थेट घसरगुंडी दिसत होती. बाबांच्या यंत्रासाठी वेगळी खोली होती. ते त्या खोलीत तीनदा जाऊन आले.

"आणि शाळा काय, हाकेच्या अंतरावर!" एजंट म्हणाला.

"कोणाच्या हाकेच्या?" बाबांनी विचारले. "आमच्या ताईची हाक असेल तर ती तीन गावं ओलांडते."

"आणि तुझ्या कानाशी ओरडलं तरी पोचत नाही," आत्या म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाहेर काढले. "आपण मोजू या."

"अगं, घर बघायला आलीयेस की शर्यत लावायला?" आत्याने विचारले. पण तीसुद्धा फाटकापाशी उभी राहून बघू लागली.

आधी बाबा चालले. घरापासून शाळेच्या दारापर्यंत सात मिनिटे. मग बाई चालल्या. नऊ मिनिटे. मग भिंगरी, आणि तिच्या बाजूने बाई मला हातात धरून. वीस मिनिटे. वाटेत एक मोठा रस्ता होता, सिग्नलचा. तोही वेगळा मोजला. बाबांना नऊ सेकंद, बाईंना बारा, भिंगरीला सत्तावीस. पायी जाणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा अठरा सेकंद टिकत होता. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा. भिंगरी रस्त्याच्या मध्ये असताना दिवा लाल झाला. ते कोणाला कळलेच नाही. बाबा शाळेची इमारत बघत होते आणि बाई माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी बाईंनी वहीत आकडे मांडले. तीन वेळा मोजले होते, म्हणून सवयीने सरासरी काढली. घर ते शाळा बारा मिनिटे. रस्ता ओलांडायला सोळा सेकंद, म्हणजे दिव्याच्या दोन सेकंद आतच.

"जमतंय!" त्या म्हणाल्या. एजंटला शनिवारपर्यंत उत्तर हवे होते. बाबांनी यंत्र कुठल्या भिंतीला लावायचे ते कागदावर काढायलाही घेतले.

भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून वहीत डोकावली. तिने तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवले.

"आई, बारा मिनिटांत कोण पोचलं?"

"ती सरासरी आहे गं."

"हो, पण पोचलं कोण? बाबा सातमध्ये, तू नऊमध्ये, मी वीसमध्ये. बारामध्ये तर कोणीच नाही पोचलं."

बाईंची पेन्सिल थांबली. मी टेबलावरच होते. त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. वर्गात एखाद्या मुलाने फळ्यावरची चूक दाखवली की त्यांचा चेहरा असा होत असे. आधी कपाळाला आठी, मग आठी विरून डोळे मोठे.

"एकाच गोळ्याचे तीन झोके मोजतात आणि मग सरासरी काढतात," त्या हळूच म्हणाल्या. "मी तीन वेगवेगळे गोळे घेतले. माझ्या वर्गात कोणी असं केलं असतं ना, मी वही परत दिली असती."

"मग दे परत," बाबा म्हणाले. कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी आपला कागद उलटा करून ठेवला.

मंगळवारी बाईंनी अर्धा दिवस रजा काढली, बाबांनी यंत्र बंद ठेवले आणि शाळा भरायच्या वेळी सगळे त्या सिग्नलपाशी गेले. आत्याही आली. रविवारी ज्या रस्त्यावर पाखरू नव्हते, तिथे आता ट्रक आणि बस एकमेकांना खेटून उभ्या होत्या. दिवा हिरवा झाला. बाईंनी माझे बटण दाबले. भिंगरीला त्यांनी पदपथावरून हलू दिले नाही. अठरा सेकंद झाले, दिवा लाल झाला आणि सगळी वाहने एकदम सुटली.

भिंगरीने बोट दाखवले. "आत्ता मी त्या पांढऱ्या ट्रकपाशी असते."

बाबांनी तिचा हात धरला. इतका घट्ट की ती "बाबा, दुखतंय" म्हणाली.

परतीच्या वाटेवर बागेपाशी बाबांनी त्या खिडकीकडे वर पाहिले आणि लगेच मान वळवली. मग आत्याच म्हणाली, "त्या डबेवाल्यांच्या गल्लीत एकदा नीट जाऊन बघू या. आवाजानं कोणी मरत नाही. मला बत्तीस वर्षं झाली तुमच्या भावजींचं घोरणं ऐकून."

बुधवारी सकाळी आम्ही तिथे होतो. घर लहानच होते, भिंतही जागच्या जागी होती. पण दारापासून शाळेपर्यंत उंच, सलग पदपथ होता. वाटेत रस्ता एकदाच ओलांडायचा होता आणि तिथे सिग्नल नव्हता. पिवळा डगला घातलेली एक बाई काठीला लावलेली गोल पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी वर केली की वाहने थांबत.

"किती सेकंद थांबवता?" बाईंनी मला पुढे करत विचारले.

"सेकंद?" पाटीवाली बाई माझ्याकडे बघून हसली. "शेवटचं लेकरू पलीकडे जाईपर्यंत."

"आणि कोणी हॉर्न वाजवला तर?"

"वाजवू दे की. हॉर्न त्याचा, पाटी माझी."

त्या दिवशी, गुरुवारी आणि शुक्रवारी बाईंनी एकट्या भिंगरीचे चालणे मोजले. चोवीस मिनिटे, पंचवीस, तेवीस. सरासरी चोवीस. या वेळी ती काढायला हरकत नव्हती. त्या सुंदर वस्तीतल्या वीस मिनिटांपेक्षा ही वाट चार मिनिटांनी लांब होती, आणि तरी भिंगरीला एकटीने चालता येईल अशी हीच होती.

"यंत्राचं काय?" बाईंनी यजमानांना विचारले. "तुमची खोली गेली."

"गॅलरीत बसवीन. समोर भिंत आहे हे बरंच आहे. काचा घासताना नजर इकडे तिकडे जाणार नाही." ते हसून बोलले, पण त्या खोलीचा कागद त्यांनी फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला.

शनिवारी एजंटला नकार गेला. महिन्याभरात सामान हलले. त्यानंतर दोन महिने रोज कोणीतरी भिंगरीबरोबर चालले. आधी हात धरून, मग दहा पावले मागून, मग पाटीवाल्या बाईपर्यंतच. आणि एका सोमवारी ती एकटी निघाली.

ठरले असे होते की ती पोचली की शाळेचे शिपाईकाका फोन करतील. बाई दारात उभ्या राहिल्या आणि भिंगरीने पहिले पाऊल टाकताच त्यांनी माझे बटण दाबले. तिने वळून पाहिले नाही. कोपऱ्यावर दप्तर सावरले आणि ती दिसेनाशी झाली.

चोवीस मिनिटे झाली. फोन वाजला नाही. पंचवीस झाली. सव्वीस झाली.

बाबांनी एका पायात बूट घातला. "मी बघून येतो."

"थांबा," बाई म्हणाल्या.

"अगं, सत्तावीस होतायत!"

"तुम्ही मागून गेलात तर ती एकटी गेली असं होणार नाही. थांबा." त्यांचा आवाज शांत होता, पण मला त्यांनी इतके घट्ट आवळले होते की त्यांची नाडी मला माझ्या टिकटिकीपेक्षा जोरात ऐकू येत होती. मित्रांनो, माझ्या लहान तबकडीवर तीसच मिनिटे आहेत. तीस भरली, लहान काटा पुन्हा शून्यावर आला आणि पुढे सरकू लागला. बाबा एका बुटावर उभे होते.

एकतिसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"पोचली हो," शिपाईकाका म्हणाले. "पण आधी माझ्या हातातला फोन घेऊन तिलाच बोलायचंय म्हणते."

"आई!" पलीकडून आवाज आला. "कारखान्याच्या पायरीखाली मांजरीची पिल्लं आहेत! चार! एकाचे डोळे अजून उघडले नाहीत!"

बाबा त्या एका बुटासकट जमिनीवर बसले आणि हसत राहिले. बाईंनी डोळे पुसले, वही घेतली आणि लिहिले, "एकतीस. त्यातली सात मांजरांची."

मित्रांनो, आता भिंगरी मोठ्या वर्गात गेली आहे आणि मला फारसे कोणी पर्समध्ये घालत नाही. मी गॅलरीत, बाबांच्या यंत्राशेजारच्या खिळ्याला असते. रविवारी भिंगरी मला चावी देते, कारण वापर नसला तरी महिनोन्महिने बंद पडून राहिलेले यंत्र आतून गंजते. तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याला अधूनमधून चालवा. चावी देताना जोर लावू नका. स्प्रिंग घट्ट वाटू लागली की हात थांबवा.

आणि एक मागणे. कधी घर शोधायला निघालात, किंवा नुसते चार जण मिळून कुठे निघालात, तर किती वेळ लागेल हे सगळ्यांत भरभर चालणाऱ्याला विचारू नका. सगळ्यांची मिळून सरासरीही काढू नका. तुमच्यात जो सगळ्यांत हळू चालतो त्याच्या पावलांवर मला लावा. त्याला वाटेत मांजर दिसले, तर मला चालू राहू द्या. मला त्याचा त्रास होत नाही.